खालची तार

३ नोव्हेंबर
गुडघे दुखतात, तरी वडीगोद्रीला जाऊन आले. भास्करनं हरभऱ्याभोवती तारेचं कुंपण घालायला घेतलंय. धाकटा भाऊ, शेत त्याचं, काय बोलणार. पण ते नेमकं दोन गायरानांच्या मधे. काळविटांची, रोह्यांची म्हणजे नीलगायींची ये-जा तिथूनच. कॉलेजातून निवृत्त झाल्यापासून मी समीकरणांत मांडतेय ती ये-जाही हीच.

४ नोव्हें.
पुन्हा मांडून पाहिलं. ये-जा थांबली की चाऱ्यासाठीच्या चढाओढीत काळवीट हरतं. दोन्ही गायरानांत शेवटी रोहीच. लहानपणी अंगणातून दिसायचा तो काळविटांचा कळप...
भा.ला फोनवर सांगितलं. म्हणाला, "आक्का, तुझ्या गणितात माझा हरभरा कुठंय?"
नव्हताच.

७ नोव्हें.
दिवसभर कशातच मन नाही. चहा उतू गेला. संध्याकाळी चूक सापडली. दोन्ही जनावरांना ये-जेचा एकच दर दिला होता. रोही कुंपणावरून उडी मारेल. काळवीट तारेखालून अंग चोरून जातं, आणि भा.ची खालची तार जमिनीलगत. म्हणजे कुंपण अडवणार ते त्यालाच.
हे मला तरी आधी सुचायला हवं होतं. सुटीत बोर्डिंगहून घरी आले की आम्ही पेरूच्या बागेत शिरायचो. भा. तारेवरून, मी खालून.

१० नोव्हें.
भा.ला म्हटलं, सगळ्यात खालची तार तेवढी सोड.
"मंग डुकरं काय वरून येतील?"
बरोबर आहे त्याचं. डुकरंही माझ्या गणितात नाहीत. सुमन, त्याची बायको, म्हणाली की आक्कांना पाटी घेऊन बांधावर बसवू, राखणही होईल. मीही हसले. थकले होते खरं तर.
निघताना भा. एकदम म्हणाला, "तुझा फ्रॉक तारेत अडकल्ता. मीच सोडवला, ध्यानात हाय का?"
आहे.

१६ नोव्हें.
कुंपण झालं. खालची तार खांबाला गुंडाळून ठेवलीय, ओढलेली नाही.
"डुकरं आली की त्याच दिवशी ओढणार. तवा रडायचं न्हाई."
बिलकुल नाही, म्हटलं.

२१ नोव्हें.
सकाळी भा.चा फोन. कुंपणाखाली खुरांचे ठसे उमटलेत. कुणाचे, विचारलं. सांगेना.
"शहागडच्या गाडीत बस अन् ये. तार हातात धरून उभा हाय."
चष्मा कुठे ठेवला...