शेवट आधी न सांगण्याच्या अटीवर

मी, खाली सही करणारी, या घरातली मोठी सून, व्यवसाय शिवणकाम, आज हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवते. मी पूर्ण शुद्धीत आहे की नाही हे पाहायला आमचे डॉक्टर समोर बसले आहेत. त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला आणि वर माझ्या आवडत्या जुन्या हेराच्या पिच्चरची गोष्टही सांगितली, कोण कोणाचा माणूस आणि कोणाची बॅग कोणाकडे गेली यासकट. शेवट तेवढा राखून ठेवला, कारण या घरात शेवट आधी सांगायची पद्धत नाही. डॉक्टरांनी हात जोडले आणि दाखल्यावर सही केली.

प्रकृती उत्तम आहे. गुडघा कुरकुरतो, पण गुडघ्याने अजून कोणी मेल्याचं ऐकलं नाही.

कलम पहिले. हे घर सासऱ्यांनी बांधलं, माझ्या यजमानांच्या नावावर केलं आणि त्यांच्या पश्चात ते माझ्या नावावर आलं. धाकटे दीर कागदपत्रांच्या बाबतीत महाआळशी. त्यामुळे वरच्या मजल्यावर सगळा संसार करूनही माझ्या धाकट्या जावेच्या नावावर तिथली एक खिडकीसुद्धा नाही. दीर गेले, तिला मूलबाळ नाही. म्हणून वरचा मजला, गच्चीसह आणि वर जाणाऱ्या जिन्यासह, मी तिला पूर्ण मालकी हक्काने देते. त्यावर माझ्या मुलाचा किंवा अन्य वारसांचा कसलाही हक्क राहणार नाही. यापुढे या कागदात मी तिला धाकटी म्हणेन. ती सत्तरीला आली आहे, पण पद ते पद.

कलम दुसरे. खालचा मजला माझ्या मुलाला. मात्र पुढची खोली धाकटीच्या हयातीत विकायची नाही, भाड्याने द्यायची नाही आणि तिथला टीव्ही जागचा हलवायचा नाही. मागे मुलगा फोनवर म्हणाला होता, "आई, सगळं घर एकदमच काढून टाकू या का? तू माझ्याकडे ये. काकूची कुठेतरी चांगली सोय बघू." त्यावर मी त्याला जे सुनावलं ते कायदेशीर कागदात घालता येत नाही. पोरगा वाईट नाही, त्याला सगळं उरकायची घाई असते. पिच्चरसुद्धा तो पुढे ढकलत ढकलत बघतो.

कलम तिसरे, पुढच्या खोलीविषयी. या खोलीत दर रविवारी दुपारी मी आणि धाकटी हेरांचे पिच्चर बघतो. एका रविवारी माझा, म्हणजे जुना. पुढच्या रविवारी तिचा, म्हणजे नवा. मध्यावर बंद करायचा, चहा घ्यायचा आणि फितूर कोण ते ज्याचं त्याने ठरवायचं. मग भांडायचं. ज्याने पिच्चर आधी पाहिला असेल त्याने शेवटाबद्दल तोंड उघडायचं नाही आणि दुसऱ्याने विचारायचंही नाही. माझ्या यजमानांनी एकदा वर्तमानपत्रातून मान न काढता "फितूर तो वेटर आहे बरं का" असं सांगून टाकलं. पुढे कित्येक रविवार त्यांचा चहा बाहेर व्हरांड्यात जात असे.

माझं म्हणणं असं, की जुना हेर डोक्याने चालतो. स्टेशनवर नुसता पेपर धरून बसतो आणि आपला जीव टांगणीला लागतो. शिवाय त्याच्या अंगात कोट असतो. मी जन्मभर कोट शिवले, मला ठाऊक आहे, पिस्तूल ठेवायला आतला खिसा लागतो. नव्या हेराच्या अंगात घट्ट टी-शर्ट! पिस्तूल ठेवतो कुठे?

धाकटी म्हणते, "वहिनी, तुमचा हेर अर्धा पिच्चर बसून असतो. त्याला मूळव्याध झाली होती का?" तिला नव्यातली पळापळ आवडते, गच्चीवरून उड्या आवडतात, आणि हेरगिरी करणारी बाई नुसती दाराआड उभी न राहता चार जणांना लोळवते हे तर फारच आवडतं. या शेवटच्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही. ते मी तिला अजून कळू दिलेलं नाही.

तिचा हुकमी मुद्दा मात्र निराळा. "तुमचे जुने पिच्चर तुम्ही दहादा बघता. एकदा शेवट कळला, की परत बघण्यात काय राम राहिला?" मी म्हणते, शेवट माहीत असूनही बघावासा वाटतो तोच पिच्चर खरा. या मुद्द्यावर आमच्या दोघींचे केस पांढरे झाले, पण ती तसूभर हललेली नाही. वर माझ्या सर्वात आवडत्या पिच्चरला ती चक्क घोरली आणि म्हणाली, "डोळे मिटून ऐकत होते." हे मी विसरलेले नाही.

माझ्यामागे माझ्या खुर्चीवर माझ्याजवळ राहणाऱ्या नातीने बसावं आणि जुन्यांची बाजू सोडू नये. तिला नवे आवडतात हे मी जाणून आहे. तरी वकिलासारखं भांडावं.

कलम चौथे. शिवणयंत्र, मोठी कात्री आणि यजमानांसाठी शिवलेला, दोन आतल्या खिशांचा करडा कोट नातीला. कात्रीने कागद कापलेला आढळल्यास ती परत घेण्यात यावी. कोण घेणार, ते नंतर बघू. बँकेतली शिल्लक नात आणि धाकटी यांच्यात निम्मी निम्मी.

कलम पाचवे. शेजारचे निवृत्त मास्तर एका रविवारी मध्येच येऊन बसले आणि "जुने काय न् नवे काय, सगळा पोरखेळ" असं बोलून गेले. त्यांना माझ्या इस्टेटीतून काहीही मिळू नये. त्या दिवशी विसरलेली त्यांची छत्री दारामागे आहे, ती द्यावी.

कलम सहावे. या कागदाची अंमलबजावणी नात करील. धाकटीला साक्षीदार केलं नाही, कारण जिला मिळायचं तिने सही न केलेली बरी असं वकीलबाईंचं मत पडलं. तिला यातलं अवाक्षर सांगितलेलं नाही. शेवट आधी कसा सांगणार?

*

पुरवणी, सह्या होण्यापूर्वी लिहिलेली.

वरचं लिहून झालं, साक्षीदार पेन काढतात तोच नात जिन्यावरून धावत खाली आली. "आजी, धाकटी आजी ट्रंक भरतेय!"

गुडघ्याला न विचारता मी जिना चढले. पलंगावर साड्यांच्या घड्या आणि धाकटी पाठमोरी.

"हे काय चाललंय?"

"आवरतेय थोडं. बायकांच्या वसतिगृहात खोली मिळतेय. त्यांना उद्यापर्यंत कळवायचंय."

"तुला कोणी जा म्हटलं?"

मग हळूहळू उलगडा झाला. मुलाचा तो फोन आला तेव्हा तिने वरचा जोडफोन उचलला होता. तिने 'काकूची कुठेतरी चांगली सोय बघू' एवढं ऐकलं आणि लगेच फोन खाली ठेवला. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिची नोकरी झाली. दुसऱ्याचं बोलणं ऐकायचं नाही, हे तिच्या हाडात मुरलंय. त्यामुळे प्रश्न तिने ऐकला आणि माझं उत्तर ऐकलंच नाही. एवढे दिवस ती तो मध्यावर बंद पडलेला पिच्चर डोक्यात घेऊन माझ्यासमोर चहा पीत होती.

"मग विचारायचं नाहीस मला?"

"शेवट विचारायचा नसतो ना, वहिनी."

मला रडू आलं. डॉक्टर खाली होते तरी आलं. मी तिचा हात धरून तिला खाली आणलं, खुर्चीत बसवलं आणि या घरचा नियम मोडून कलम पहिले ते सहावे तिला मोठ्याने वाचून दाखवलं. जिना आला तेव्हा तिने पदर डोळ्यांना लावला. मूळव्याध आली तेव्हा हसली.

वाचून झालं. मी म्हटलं, "काय गं, आता शेवट कळला. पुढचं बघण्यात राम राहिला का?"

तिने नाक ओढलं. "राहिला की. शेवट ठाऊक असला की उलट निवांत बघता येतं."

हे वाक्य धाकटीने दोन साक्षीदारांसमक्ष, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता उच्चारलं आहे. ते या मृत्युपत्राचा भाग समजावं आणि तिला मागे घेता येऊ नये.

सही: मोठी

साक्षीदार १: आमचे डॉक्टर (यांना जुने-नवे दोन्ही आवडतात, म्हणून निःपक्षपाती)
साक्षीदार २: कोपऱ्यावरचे चष्मेवाले (पिच्चर बघत नाहीत, पण धाकटीचं वाक्य त्यांनी स्पष्ट ऐकलं)

ठिकाण: पुढची खोली
दिनांक: आजचा रविवार, पाळी माझ्या पिच्चरची