दोन बोटं खोल

९ मे, गुरुवार

प्रिय दादा,

आम्ही सगळे मजेत आहोत, असं पत्रात आधी लिहायचं असतं, म्हणून लिहिते. आईचा गुडघा बरा आहे. मांजरीला पिल्लं झाली, तीही पेरणीयंत्राच्या शेडमध्येच, बियाण्याच्या रिकाम्या पोत्यावर.

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. आई म्हणाली, "त्याला कशाला कळवतेस, तो कामात असतो." पण माझं डोकं चालेनासं झालंय रे. तू या यंत्रामागे इतकी वर्षं चाललास, तूच सांग काय ते.

वरच्या शेतातला मका उगवला, पण कसा, बघवत नाही. एका रोपाला चार पानं, शेजारचं नुसतं नाक वर काढतंय, त्याच्या पुढचं अजून मातीतच. अप्पांचं वाक्य आठवतं ना? "उशिरा उगवलेलं रोप म्हणजे घरचंच गवत. खत खाणार आणि कणीस धरणार नाही." तेच अप्पा बांधावर उभे राहून म्हणाले, "यंत्र बिघडलंय."

मग काय, मेकॅनिकला बोलावलं. त्याने बियाण्याच्या चकत्या काढल्या, साखळ्या बघितल्या, दाबचाकं फिरवून बघितली. शेवटी अंगणात ताडपत्री अंथरून यंत्र तिच्यावरून चालवलं. दाणे असे पडले, जणू कुणी पट्टी लावून ठेवलेत. "ताई, यंत्राला काही झालेलं नाही," म्हणाला आणि चहा पिऊन गेला. मी म्हटलं, वेग जास्त होत असेल. अप्पांना सावकाश चालवायला लावलं. दुसऱ्या तुकड्यातही तीच गत! साप समजून भुई धोपटत होते मी.

खरं काय ते परवा दिसलं. तिसऱ्या तुकड्यात पेरणी चालली होती, तिथे अप्पांचा चहा घेऊन गेले होते. शेताच्या टोकाला ट्रॅक्टर थांबला. अप्पांनी मान मागे वळवली आणि ओरडले, "किती बोटं?"

मागे कुणीच नव्हतं.

जरा वेळ वाट पाहिली त्यांनी. मग खाली उतरले, माती उकरून दाणा शोधला, तो किती बोटं खोल पडलाय ते लावून बघितलं आणि फणाची खोली कमी-जास्त करायची मूठ एक घर फिरवली. चढले. पुढच्या टोकाला पुन्हा तेच, "किती बोटं?", पुन्हा उतरणं, पुन्हा मूठ. मघाशी फिरवलीय हे त्यांच्या गावीही नाही. कधी खोल, कधी उथळ, त्यातून प्रत्येक फणाची मूठ वेगळी, म्हणजे सहाही फणांच्या सहा तऱ्हा. दाणे बिचारे उगवणार कसे एकदम?

मी मुठींना तारा बांधून टाकल्या. सकाळी तारा कापलेल्या! "कुणी गाढवाने बांधल्या होत्या?" म्हणून वर मलाच विचारलं. मी मांजरीकडे बघत बसले.

काल मग मीच यंत्रामागून चालले. "किती बोटं?" आलं, की माती उकरून मी सांगायची, "दोन, अप्पा, बरोब्बर दोन." पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाले, "तुझी बोटं बारीक. तुझी दोन म्हणजे माझं दीड. त्याला बघायला सांग." आणि उतरून मूठ फिरवलीच.

त्याला, म्हणजे कुणाला, हे मी विचारलं नाही. धीरच झाला नाही.

तू जाताना जे बोललास, "जन्मभर तुमच्या मागे बोटं मोजत चालू का मी?", ते अप्पांच्या जिव्हारी लागलं. दोन वर्षं तुझं नाव काढलं नाही त्यांनी. म्हणून तर मी गोंधळलेय. तू घरात नाहीस हे ते विसरलेत, की चांगलं लक्षात आहे म्हणून हाक मारतायत? घरात अगदी शहाण्यासारखे बोलतात. गिरणीवाल्याचा हिशेब तोंडपाठ. चष्मा हरवत नाहीत, माझाच हरवला तर शोधून देतात. डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणतात, "आधी यंत्र दाखव त्याला." हसावं की रडावं!

खालचं मोठं शेत राहिलंय. मातीत ओल आहे तोवर पेरायला हवं, आठवडाभर फार तर. तिथलाही मका असाच आला, तर यंदाचा हंगाम गेला आणि गुरांना चाराही नाही. मी ट्रॅक्टर चालवू शकते, पण त्यासाठी अप्पांना सीटवरून उतरवावं लागेल. मला ते जमणार नाही, दादा. त्यांनीच मला मांडीवर बसवून स्टिअरिंग धरायला शिकवलंय. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालंय.

तू येऊन मागे चाललास तर ते मूठ सोडतील? की तुला बघून विचारतील, हा कोण? मला खरंच माहीत नाही. मला फक्त एवढंच कळतं, की त्यांनी विचारल्यावर कुणीतरी उत्तर द्यायला हवं, आणि माझं उत्तर त्यांना चालत नाही.

भांडण ठेव तिकडेच. शर्ट, खाऊ, काही आणू नकोस. तुझी जाड बोटं तेवढी घेऊन ये.

वाट बघणारी,
तुझी बारीक बोटांची धाकटी