आईची टांगलेली खाट

कॅसलरॉक, १२ जानेवारी १९९३, संध्याकाळ

बंगळूरच्या प्रयोगशाळेत थरथर हीच माझी वैरीण. हेलियमच्या थंडीत, पापुद्र्यासारखे थर असलेल्या अतिसंवाहक स्फटिकावरून माझ्या सूक्ष्मदर्शकाची सुई न टेकता फिरते. बाहेर ट्रक गेला तरी अणूंचं चित्र विस्कटतं. तो सूक्ष्मदर्शक टांगून स्थिर करायला मी कुणाकडे शिकलो नाही. मग आईची खाट काय अवघड?

कमरेचं हाड मोडल्यापासून घरामागच्या रुळांवरून गाडी गेली की खाट हादरते आणि ती कळवळते. काल खाट सायकलच्या ट्यूबांनी तुळईला टांगली, चारही ट्यूबांना ताण अगदी सारखा. मालगाडी गेली, खाटेवर ठेवलेल्या वाटीतलं पाणी हललं नाही. किती खूश झालो मी!

आज तिनं विचारलं, "गाड्या बंद झाल्या व्हय रे?"

ती ठार बहिरी, गाडी तिला कळते ती हादऱ्यानंच. हे मला सुचायला नको होतं? चालू आहेत, अशी हातानं खूण केली.

"मग मला कशा कळंनात? तुझा बा ह्याच लायनीवर राबला. तेवढीच सोबत हाय मला. सोड त्या ट्यूबा."

दुखेल, अशी खूण केली.

"दुखू दे की!"

सोडल्या. मालगाडीची वेळ झालीय. आई खाटेच्या कडेवर हात टेकून वाट बघतेय. आणि मी, आज गाडी येऊच नये म्हणतोय.