खुर्चीच्या पोटातली सही

मंगळवार, १२ फेब्रुवारी

तुरुंगातली खुर्ची घरात कशाला, असं नेडीनने दोनदा विचारलं. म्हटलं, घरात नाही, गॅरेजात आहे. "गॅरेज काय शेजाऱ्याचं आहे?" म्हणाली. बायकोशी वाद घालण्यात अर्थ नाही.

ओडेसा व्हिटलो, आमच्या युनियनची अध्यक्ष, स्वतः गाडीत टाकून घेऊन आली. कोर्टाच्या कचेरीने काढून टाकलेली खुर्ची. नदीपलीकडच्या तुरुंगात बनलेली. पुढच्या महिन्यात राजधानीत सुनावणी आहे, नव्या कायद्याची. तुरुंगात काम करणाऱ्याला बाहेरच्याइतकी मजुरी द्यायची, आणि सुटून आलेल्याला नोकरीच्या अर्जावरच 'शिक्षा झाली होती का' असं विचारायचं नाही. युनियनला हा कायदा हवा आहे. "ऑर्विलभाऊ, पन्नास वर्षं खुर्च्या मढवल्यात तुम्ही. हिला नीट बघा आणि तिथे येऊन बोला."

काय बोलू ते सांगितलं नाही. आठवीपर्यंत शिकलेला माणूस मी, आमदारांसमोर!

गुरुवार, १४ फेब्रुवारी

ह्यूबर्ट येऊन गेला. तीस वर्षं माझ्या शेजारच्या बाकावर काम केलं त्याने. खुर्चीला लाथ मारून म्हणाला, "कचरा आहे म्हणून सांग. आपला कारखाना कुणामुळे बंद पडला? या कैद्यांमुळे. आणि ती ओडेसा त्यांनाच मांडीवर घेऊन बसलीये!"

सरकारने त्यांना जवळजवळ फुकट राबवलं आणि आमचं काम तिकडे नेलं. मग यात राबणाऱ्याचा दोष काय? हे त्याला म्हणायला हवं होतं. तो गेल्यावर सुचलं. मला नेहमी माणूस गेल्यावरच सुचतं.

शनिवार, १६ फेब्रुवारी

आज खुर्ची उघडली. वाटलं होतं फोमचा तुकडा कोंबलेला असेल. छे! आत स्प्रिंगा, आणि प्रत्येक स्प्रिंग आठही बाजूंनी सुतळीने बांधलेली. गाठी सगळ्या एकाच ताणाच्या. मी दोन गाठी सोडवायला गेलो, नख तुटलं. अशी बांधणी आमच्या कारखान्यात चौघांना जमायची. ह्यूबर्ट त्यात नव्हता.

आणि आतल्या फळीवर पेन्सिलने — आर. टिनस्ली, ९ मार्च २०१६.

आमच्या धंद्यात प्रत्येक जण अशी सही करतो. कापडाखाली, मालकाला कधी दिसणार नाही अशी. पुढे कधी कुणी दुसरा कारागीर खुर्ची उघडेल, त्याच्यासाठी. म्हणजे हा माणूस माझ्यासाठीच सही करून गेला! कोण हा? किती वर्षांचा? काय केलं होतं त्याने?

रविवार, १७ फेब्रुवारी

चर्चमध्ये प्रवचनाकडे लक्ष नव्हतं. मढवायला लागणारी ती लांब वाकडी सुई तुरुंगात नेऊ देतात तरी कशी?

मंगळवार, २६ फेब्रुवारी

ओडेसाने माणूस शोधून काढला. रॉस्को टिनस्ली. ऑगस्टमध्ये सुटला. आमच्याच गावात आहे, हायवेवर गाड्या धुतो! मी दर महिन्याला तिथून जातो.

जावं का? काय बोलायचं? रागावला तर? नेडीन म्हणाली, "तुला जायचंच आहे. उगाच माझी परवानगी कशाला काढतोस?"

गुरुवार, २८ फेब्रुवारी

गेलो. नेडीनची गाडी धुवायला घेऊन गेलो, म्हणजे निमित्त होईल. चाळिशीचा आहे, उंच, हात पाण्याने पांढरे पडलेले. म्हटलं, मी तुमची खुर्ची उघडली.

आधी घाबरला. मग म्हणाला, "उघडलीत, ठीक. परत बंद कशी केलीत?"

"स्टेपलनं."

"टाके नाहीत, स्टेपल! आणि म्हणे कारागीर!" असा हसला की शेजारचा माणूस पाइप धरून वळला, आणि मी भिजलो.

सुईचं विचारलंच. फळ्यावर प्रत्येक सुईचं चित्र रंगवलेलं असतं म्हणे, संध्याकाळी ज्याची त्याची जागा भरायची. एकदा एक कमी भरली. एकवीस जण सहा तास भिंतीकडे तोंड करून उभे. "कुठे होती माहितीये? पहारेकऱ्याच्या बुटात रुतलेली. तो सहा तास तिच्यावरच नाचत होता!"

बाहेर आल्यावर मढवण्याच्या दोन दुकानांत अर्ज केला त्याने. अर्जावर तो प्रश्न होता. खरं लिहिलं. दोन्हीकडून उत्तर नाही. असा हात, आणि गाड्या पुसतोय.

निघताना माझी जीभ घसरली — "बराय, रॉस्कोभाऊ." आमच्या युनियनच्या हॉलमध्ये भाऊ फक्त सभासदाचं कार्ड असलेल्याला म्हणतात. तो फडकं पिळायचा थांबला. म्हणाला, "पुन्हा म्हणा."

उशीर झाला म्हणालो आणि निघालो. साबण अजून काचेवर होता.

सोमवार, ११ मार्च

झोप नाही. खुर्ची वाईट म्हटलं तर ह्यूबर्ट खूश, पण रॉस्कोचं काम मी खोटं पाडलं. चांगली म्हटलं तर? ओडेसाला विचारलं. "जे दिसलं ते बोला," एवढंच म्हणाली. कायदा झाला तर रॉस्कोला दुकानाचं दार तरी उघडेल. माझ्या एका चुकीच्या शब्दाने अडकलं तर?

मंगळवार, १९ मार्च

बोललो. टाय ह्यूबर्टचा होता, आणि ह्यूबर्ट स्वतः मागच्या रांगेत बसलेला.

सांगितलं, खुर्ची अव्वल आहे. मी याहून चांगली बांधली नसती. ज्याने बांधली त्याला रीतसर मजुरी द्या, आणि तो बाहेर आला की एका प्रश्नासाठी त्याला दारातून परत पाठवू नका. सगळं बोललो.

लाल टायवाला आमदार गोड हसला. "आभारी आहे, मिस्टर स्टॅम्पर. युनियनचाच साक्षीदार सांगतोय, काम अव्वल आहे. मग बदलायचं कशाला? उलट दुप्पट खुर्च्या बनवून घेऊ!"

लोक हसले. कायदा बाजूला ठेवला. पुढच्या वर्षी बघू म्हणे.

गाडीत ओडेसा म्हणाली, "तुम्ही कचरा म्हणाला असता तर 'अजून सराव द्या' म्हणून दुप्पट केल्या असत्या." मला बरं वाटावं म्हणून म्हणाली. वाटलं नाही.

बुधवार, २० मार्च

ह्यूबर्टचा टाय परत द्यायला गेलो. त्याने दार उघडलं नाही. पडदा हललेला दिसला.

शुक्रवार, २९ मार्च

रॉस्कोकडे गेलो, सगळं सांगितलं. माफी मागितली. त्याने चाकावरचा ब्रश खाली ठेवला. मग म्हणाला, "अव्वल म्हणालात? त्या सगळ्यांसमोर?"

हो म्हटलं.

"लिहून द्या. आत, तुरुंगातल्या बाकीच्यांना पाठवतो."

दिलं लिहून. एका ओळीत तीन चुका.

गुरुवार, ११ एप्रिल

सभा. दुप्पट खुर्च्यांचा हुकूम आत गेला, आणि सोमवारपासून तिथल्या एकवीसही जणांनी हातोड्या खाली ठेवल्या आहेत. बाकावर बसतात आणि काही करत नाहीत. आम्हाला युनियनमध्ये घ्या, असं एकाच कागदावर सगळ्यांनी सही करून पाठवलंय. ओडेसाने विचारलं, ठराव कोण मांडतो? सगळे चूप. मी उभा राहिलो. अनुमोदन? पुन्हा चूप. मग मागून खुर्ची सरकल्याचा आवाज. ह्यूबर्ट. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, "ते संपावर आहेत ना? मग विचारायचं काय त्यात!"