नम्रतेच्या एक हजार प्रती

१ जानेवारी, पहाटे ५.४०
संकल्प: ही रोजनिशी फक्त मी आणि प्रभू वाचणार. त्यामुळे खरं तेच लिहायचं. राहनाळच्या गोडाऊनमध्ये मी डिस्पॅच सुपरवायझर आहे, पण ते पोटासाठी. पाचारण लेखकाचं. तीन वर्षं खपून लिहिलेलं ‘नम्रतेची चाळीस पावलं’ अखेर छापून आलं. नम्रतेवर इतकं ठासून आजवर कुणी लिहिलं नसेल.
ख्रिस्ती लेखकाचं यश म्हणजे काय, यासाठी अर्धा तास प्रार्थना केली. स्पष्ट उत्तर मिळालं: ईस्टरपर्यंत एक हजार प्रती संपणे. चंद्राला सांगितलं. ती म्हणाली, आपण छापल्याच हजार, मग उत्तर प्रभूने दिलं की प्रेसवाल्याने? बायकोशी आत्मिक विषय चहाआधी काढू नयेत.

५ जानेवारी, रविवार
चर्चमध्ये प्रकाशन. पाळकसाहेबांनी मला दोन मिनिटं दिली होती. बावीस मिनिटांत आटोपतं घेतलं. विषय नम्रता, त्यामुळे स्वतःबद्दल फार बोललो नाही. फक्त बालपण, शिक्षण आणि लेखनप्रवास. नंतर चहाच्या टेबलाशेजारी पुस्तकं मांडली. तुफान गर्दी. चहाला.
गेलेल्या प्रती: सात. त्यात एक पाळकसाहेबांना भेट आणि एक मेहुण्याने चुकून उचलली.

१४ जानेवारी
आकडे हा जगाचा मापदंड. आज व्याख्या सुधारली: यश म्हणजे जाणकारांची दाद. तीन मासिकांना प्रती पाठवल्या. पाळकसाहेबांनाही फोन करून अभिप्राय विचारला. म्हणाले, “कागद चांगला वापरलाय.” मोजकं बोलणारा माणूस. यात बरंच काही आलं.

२ फेब्रुवारी
आठ दिवस मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज पहाटे पाचला एक पाऊल टाकतोय. काल ग्रुप सांभाळणाऱ्या करिष्माचा मेसेज आला: “अंकल, ग्रुप फक्त सूचनांसाठी आहे.” बरोबर आहे, इतरांनी लक्षात ठेवायला हवं. आज ‘बोलण्याआधी थांबा’ हे पाऊल पाठवायला गेलो तर तिथे आता फक्त ॲडमिनच लिहू शकतो. कंपनीचा काहीतरी टेक्निकल प्रॉब्लेम.

१३ फेब्रुवारी
केसरीनाथशेठ (गोडाऊनचे मालक) म्हणाले, चार नंबरमधले तुझ्या पुस्तकांचे खोके कधी हलणार? भिवंडीतून रोज अर्ध्या देशाला माल जातो. मी स्वतः गाड्या लावतो. सगळं डिस्पॅच होतं, एवढे खोके सोडून.
गेटवर वीस प्रती ठेवल्या, वर पाटी: ‘मोफत’. टेम्पोवाल्या लडकूने तीन उचलल्या. तो खाडीकाठच्या अंजूरचा. म्हणजे पुस्तक खाडीपर्यंत पोचलं.

२७ फेब्रुवारी
एका मासिकाचं उत्तर आलं. साभार परत. वर माझं नाव शांतवनऐवजी ‘शांताबाई’. उरलेल्या दोघांचं तेही नाही.
जेवलो नाही. चंद्रा येऊन बसली. हे सगळं कुणासाठी लिहिलंत, तिने विचारलं. मी म्हटलं, प्रभूसाठी. “मग त्याने वाचलंय. आता जेवून घ्या.”
आज पहिल्यांदा वाटलं की मला लिहिता येत नसावं. सर्दीमुळे असेल.

रात्री: अंतिम व्याख्या. यश म्हणजे एक माणूस. एका माणसाचं आयुष्य बदललं तरी पुरे. हे आधीच का सुचलं नाही?

६ मार्च
सुचलं आणि झालं!! लडकू गेटवर थांबून होता. त्याच्या शेजारी वाल्मीकराव नावाचे गृहस्थ आहेत. सप्टेंबरमध्ये अर्धांगवायूचा झटका आला. तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून पडून. बोलत नाहीत, कुणाकडे बघत नाहीत, जेवणाला धड तोंड उघडत नाहीत. त्यांच्या बायकोला, कौसल्याबाईंना, लडकूने एक प्रत दिली. “साहेब, तुमच्या पुस्तकाने जादू केली. वहिनी बोलवतेय तुम्हाला.”
बहुतेक एकतिसावं पाऊल असणार, ‘दुःखाचा स्वीकार’. ते लिहिताना माझेच डोळे भरून आले होते.
प्लॅन: शनिवारी अंजूर. मोबाईलवर साक्ष रेकॉर्ड करणे. रविवारी चर्चमध्ये दाखवणे. पाळकसाहेबांकडे पंधरा मिनिटं मागितली. बघू म्हणाले.

८ मार्च, शनिवार
इस्त्रीचा शर्ट. नव्या गोडाऊनच्या मागे पत्र्याचं छप्पर असलेलं घर. कौसल्याबाईंनी पाणी दिलं. मी मोबाईल काढून विचारलं, नेमकं कुठलं पाऊल भिडलं?
“मला वाचता येत न्हाय दादा. ह्यांना यायचं, पन आता अक्षर लागत न्हाय.”
मग?
त्यांनी पुस्तक पालथं केलं. मागच्या कव्हरवर माझा फोटो. हनुवटीखाली मूठ, नजर वर, मागे ढग. ढग फोटोग्राफरने टाकले होते, मी फक्त हो म्हटलं होतं.
“ह्यो बघितला आन् हसले. सा महिन्यांनी. मी चुलीपाशी होते, मला वाटलं घरात दुसरं कोन आलं.” हे सांगताना त्या पदराने डोळे पुसत होत्या. “आता रोज बोट करून मागतात. फोटू दाखवला की चार घास जातात पोटात.”
वाल्मीकरावांनी मान वळवली. माझ्याकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे. अर्धा चेहरा हलत नाही. उरलेल्या अर्ध्या चेहऱ्याने ते इतकं हसले की खाट वाजली.
रेकॉर्डिंग केलं नाही. चार्जिंग कमी होतं. ७१ टक्के.

९ मार्च, रविवार
उपासनेच्या शेवटी पाळकसाहेबांनी सर्वांसमोर विचारलं, शांतवनभाऊ, तुम्हाला काही सांगायचं होतं ना? मी नाही म्हटलं. चंद्राने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

संध्याकाळी अंजूरला गेलो. पेजेची वाटी घेऊन कौसल्याबाई कधीच्या बसल्या होत्या. पुस्तक दाखवून झालं होतं. त्या फोटोला आता वाल्मीकराव सरावलेत, तोंड उघडेनात. बाई माझ्याकडे बघायला लागल्या.
मी स्टूल ओढला. बसलो. हनुवटीखाली मूठ ठेवली आणि वर पत्र्याकडे बघितलं.
वाटी संपेपर्यंत मान अवघडली. उद्या साडेसहाला बोलावलंय.