बिनआवाजाचा अपघात

९ जानेवारी

प्रिय भावजी,

सगळे मजेत आहेत असं लिहून सुरुवात करते, कारण तशीच करायची असते. धाकटीचे पुढचे दात पडलेत, तरी काकाची चौकशी जोरात चालू आहे. तुमचे दादा मात्र निम्मे झालेत.

कोर्टात सरकारी वकिलांनी अपघाताचा सिनेमा दाखवला. कॉम्प्युटरवर बनवलेला. आपली बेकरीची गाडी हुबेहूब, वळण तेच, सायकलवर ते बिचारे मास्तर. त्यांना चेहरा नव्हता, तरी त्यांची बायको हुंदके देऊ लागली. मलाही रडू आवरेना. धुकं मात्र नावाला नाही. आपल्या वकिलांनी हटकलं, तर बनवणारा म्हणाला, "धुकं घातलं तर जजसाहेबांना दिसणार काय?"

आणि सिनेमा मुका. त्या वळणावर दादा रिकाम्या रस्त्यावरही हॉर्न द्यायचे, आपण चिडवायचो. "हॉर्नची नोंद गाडीत राहत नाही, म्हणून दाखवला नाही," म्हणे. निष्काळजीपणा होता की नव्हता, यावरच तर सगळं अडलंय. पण तो सिनेमा पुन्हा पुन्हा पाहिल्यावर एवढा विचार कोण करतं?

खरी पंचाईत पुढेच आहे. दादांना आता तेच आठवतं. परवा जेवताना हातातला घास तसाच धरून म्हणाले, "धुकं नव्हतंच गं. हॉर्नही मी दिला नसणार."

"अहो, हे सिनेमातलं सांगताय!"

"मग माझं कुठलं, ते तू सांग."

सोमवारी गुन्हा कबूल करतो म्हणतात. म्हणजे तुरुंगच.

शेजारच्या सीटवर तुम्ही होतात. पोलिसांना सांगितलंत, झोप लागली होती. भावजी, चालत्या गाडीत डोळे मिटले की तुम्हाला उलटी होते. माझी लग्नातली साडी साक्षीदार आहे. हे मी वकिलांना सांगितलेलं नाही. भीती वाटते. तुम्ही साक्षीला घाबरलात, की भावाला वाचवायला गप्प बसलात, हा विचार डोकं खातो. आता लिहूनच टाकते: सिनेमा पाहताना मलाही तो खरा वाटला.

हॉर्न ऐकला असेल, तर हातातलं काम टाकून सोमवारच्या आत या. ऐकला नसेल तर येऊ नका, फोनही करू नका. मला कळेल.

अजून तरी दादांच्याच बाजूची,
तुमची वहिनी