फक्त मंजूर फोनवरूनच

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार
आजपासून कंपनीच्या सगळ्या लॉगिनची चावी माझ्याकडे. कोण कुठल्या फोनवरून, कुठल्या कॉम्प्युटरवरून आत शिरणार, हे मी ठरवणार. हे काम किरण बघायचा. तो दुबईला गेला, मागे सगळं उघडं टाकून. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत निदान दार तरी नीट लागायला हवं.
महिनाअखेर मी रिटायर होते. मितेशभाईंना स्पष्ट विचारलं, दोन वर्षं वाढवून देणार का. म्हणाले, बघू ना, हेमांगीबेन. मालकांच्या भाषेत हे हो असतं.
संकल्प: एक माणूस, एक पासवर्ड, एक फोन.

४ नोव्हेंबर
कांदिवलीचे तीन टेक्निशियन मिळून एकच फोन वापरतात. शिफ्ट संपली की फोन चहावाल्याकडे. पुढचा येतो, चहा पितो, फोन उचलतो. तिघांचेही अंगठे त्यात नोंदवलेले. भीमराज म्हणाला, मॅडम, तक्रार माणसाला येत नाही, एरियाला येते, म्हणून फोन एरियाचा. तत्त्वज्ञान नको म्हटलं. फोन जप्त. प्रत्येकाने स्वतःचा फोन रजिस्टर करायचा. गैरवापर झाला तर मी इथून, मुलुंडच्या खुर्चीतून, तो कोरा करू शकते.

६ नोव्हेंबर
भीमराजने स्वतःचा फोन रजिस्टर केला आणि दुपारी तोही चहावाल्याकडे ठेवला. कोरा केला. एक बटण.
संध्याकाळी ऑफिसात आला. मुलीच्या साखरपुड्याचे फोटो त्यातच होते म्हणे. म्हटलं, लग्नात पुन्हा काढता येतील. कोरा फोन खिशात घालून निघून गेला. पटलं असावं.

११ नोव्हेंबर
नियम तयार. नुसतं रजिस्टर करून चालणार नाही, मी मंजूर केलेल्या यंत्रावरूनच लॉगिन. मंजुरी नियम लागू झाल्यावर देणार. आधी वाटली की किंमत राहत नाही.
किरणच्या हाताखालची संघमित्रा मधे बोलली. आधी दोघातिघांवर चालवून बघू, आणि एक इमर्जन्सी अकाउंट नियमाबाहेर ठेवू, आपणच बाहेर अडकलो तर. मी ते अकाउंट बघितलं. कोणाच्याच नावावर नाही. बेवारस. डिलीट केलं.
मग म्हणाली, मॅडम, निदान तुमचा लॅपटॉप तरी आधी मंजूर करा. स्वतःला पहिलं पास करणं माझ्या तत्त्वात बसत नाही, हे तिला शांतपणे सांगितलं. बाकीच्यांसमोर सांगितलं, म्हणजे लक्षात राहील.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
सकाळी अकरा. नियम लागू. सर्वांना. अपवाद नाही.
११.१०. सगळे बाहेर. चोख.
११.१५. मीपण.
दुपारी. लॉगिनचं सॉफ्टवेअर देणाऱ्या कंपनीची हेल्पलाइन. मी मीच आहे याचे पुरावे मागतात. पुढच्या आठवड्यात बघू म्हणतात.
मितेशभाईंचा फोन. त्यांचंही बंद. म्हटलं, सुरक्षा शंभर टक्के आहे, आता कोणीही आत जाऊ शकत नाही. फोन कट झाला. रेंज गेली असावी.

१६ नोव्हेंबर
कांदिवलीत एका टॉवरची लिफ्ट अडकली, आत एक म्हातारं जोडपं. सोसायटीचा मेल कोणालाच दिसला नाही. तरी भीमराज वेळेत पोचला. चहावाल्याने आपलाच नंबर सगळ्या वॉचमनना देऊन ठेवलाय. सगळ्या एरियांत आता तेच चालू आहे, वर एक व्हॉट्सअॅप ग्रुप. मी कडक राहिले नसते तर यांना हे सुचलं असतं का? मितेशभाईही आहेत ग्रुपवर. मला कोणी घेतलं नाही. अधिकाऱ्यापासून अंतर ठेवावं, एवढं शिकले.

१९ नोव्हेंबर
हेल्पलाइनला पुरावे पटले, लॉगिन उघडले. चावी संघमित्राकडे दिली. कांदिवलीचा जप्त फोनही तिने परत नेला. मितेशभाई म्हणाले, आता आराम करा, बेन. मोठं काम देण्याआधी माणसाला विश्रांती देतात.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
मुदतवाढीचं पत्र येईल म्हणून नवी साडी नेसून गेले. नारळ आणि शाल मिळाली. मितेशभाई साइटवर होते. टेक्निशियन कॉलवर. केक आम्ही चौघींनी कापला. उरलेला वॉचमनला दिला.
लॅपटॉप परत करताना संघमित्राला सांगितलं, माझे मेल घरच्या पत्त्यावर वळव. सगळं बंद होतं त्या दिवसांतले तर आधी, महत्त्वाचे असतील. इतरांचे ढीग साचले होते. तिने बघितलं. म्हणाली, मॅडम, त्या दिवसांत तुम्हाला एकही मेल आलेला नाही.
म्हटलं, पुन्हा बघ.
तिने पुन्हा बघितलं.